आजोबांची सिंगल बॅरल: चेंबर वाढवून घ्यायचं की नाही, ते कसं ठरवायचं

भात पोसवायला लागलं की रानडुकरं खाली उतरतात आणि त्याच सुमाराला हा प्रश्न घेऊन कोणी ना कोणी घरी येतंच. घरातली जुनी एकनळी बारा बोअर (बोअर म्हणजे नळीच्या आतल्या व्यासाचं माप) आहे, ती ६५ मिलिमीटरच्या काडतुसाची आहे असं कोणीतरी सांगितलंय, दुकानदार म्हणतो ७० चीच आहेत न्यायची तर न्या, मग चेंबर, म्हणजे नळीत काडतूस बसतं ती मागची जागा, वाढवून घेऊ का? आणि यातले निम्मे लोक हे विचारायच्या आधीच ७० चं काडतूस घालून दोन-चार बार काढून बसलेले असतात, कारण ते आत व्यवस्थित बसतं, बंदूक बंद होते, कुठे काही अडत नाही.

आमच्या काकांनी हेच केलं होतं. तीन बार झाले, तिसऱ्याला बंदूक उघडेना, गुडघ्यावर दाबून उघडावी लागली. खांदा दुसऱ्या दिवशी काळानिळा. ती तीन रिकामी काडतुसं मी अजून जपून ठेवलीत, तिघांच्याही तोंडाच्या चिंध्या झाल्यात, झाडूच्या टोकासारख्या. नळी फुटली नाही एवढंच.

बहुतेकांचा क्रम उलटा असतो. आधी कारागीर गाठतात, भाव विचारतात, बंदूक टाकून येतात आणि मोजमाप, कागद, नळीची तपासणी हे सगळं नंतर आठवतं. खाली दिलेल्या क्रमानेच जा. मधेच कुठे उत्तर नाही आलं तर पुढचा टप्पा करायचाच नाही, तिथेच थांबायचं.

१. आधी परवाना उघडा, बंदूक नंतर

परवान्यावर शस्त्राचा प्रकार, बोअर आणि नंबर लिहिलेला असतो. तो नंबर नळीवरच्या आणि बॉडीवरच्या नंबराशी स्वतः ताडून बघा, भिंग घेऊन बघा, कारण गंजाखाली ३ चा ८ दिसतो. मुदत बघा. शस्त्र कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवाना तीनऐवजी पाच वर्षांचा झालाय आणि एका माणसाकडे जास्तीत जास्त दोनच शस्त्रं ठेवता येतात, त्यामुळे ज्यांच्या घरी वडिलांची, आजोबांची आणि स्वतःची अशी तीन एकाच नावावर आहेत त्यांनी आधी ते निस्तरावं.

आपल्याकडे सगळ्यात जास्त आढळणारी गोष्ट म्हणजे परवाना आजोबांच्या नावावर, आजोबा जाऊन कित्येक वर्षं झाली आणि बंदूक माजघरात खुंटीला. असं असेल तर चेंबरचा विचार बाजूला ठेवा. शस्त्र कायद्याच्या कलम २१ प्रमाणे ती बंदूक पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची असते आणि वारसाने स्वतःच्या नावावर परवाना मागायचा असतो. आधी ते.

दुसरं म्हणजे बंदुकीत बदल, दुरुस्ती, चाचणी यातलं काहीही परवान्याशिवाय कोणालाच करता येत नाही, १९५९ च्या कायद्याचं कलम ५ तसं स्पष्ट सांगतं. म्हणजे बंदरावर बोटीच्या इंजिनाचं काम करणारा लेथवाला कितीही हुशार असला, हात कितीही साफ असला, तरी त्याच्याकडे न्यायची नाही. त्यात तोही अडकतो आणि तुम्हीही.

*खबरदारी:* परवाना कुठल्या हद्दीसाठी आहे ते वाचा. कारागीर कोल्हापूरला किंवा पुण्याला असेल आणि परवाना फक्त जिल्ह्यापुरता असेल तर न्यायच्या आधी परवानगी लागेल. आणि बदल करायचा असेल तर परवाना देणाऱ्या कार्यालयात, म्हणजे अलिबाग, रत्नागिरी किंवा ओरोसला, आधी लेखी अर्ज करून पोच घ्या, तोंडी हो-नाहीवर जाऊ नका.

२. रिकामी करा, मग साफ करा

बंदूक उघडा, चेंबरमध्ये बघा, नुसतं बघू नका, बोट घालून बघा. पोरंबाळं आणि काडतुसं दोन्ही खोलीबाहेर. हे सांगायची गरज नाही असं वाटणाऱ्यांनाच सांगतोय, कारण "आमची रिकामीच असते" हे वाक्य मी भरलेल्या बंदुकीबद्दल ऐकलंय.

मग साफसफाई. गंजलेल्या नळीचं माप खोटं येतं आणि शिक्के वाचता येत नाहीत, म्हणून हे मोजायच्या आधी. आपल्या हवेत खार आहे, चार महिने भिंती ओल्या असतात, आणि लोक बंदूक चामड्याच्या किंवा फ्लॅनेलच्या कव्हरात घालून पेटीत ठेवतात. ते कव्हर ओल धरून ठेवतं आणि गंज बरोबर चेंबरच्या तोंडाशी आणि नळीच्या खालच्या अंगाला, जिथे कोणी बघत नाही तिथे लागतो. खोबरेल लावू नका, आठवड्याभरात त्याचा चिकट थर होतो आणि खाली गंज चालू राहतो. पितळी ब्रश, सुती फडकं आणि बंदुकीचं तेल एवढंच. सँडपेपर चेंबरमध्ये अजिबात नाही, चकाकी येते खरी पण माप जातं.

निवडणुकीच्या वेळी बंदूक ठाण्यात जमा करावी लागते, तिथून परत आली की त्याच दिवशी पुसून तेल लावा. आमची एकदा दीड महिन्याने आली तेव्हा चेंबरमध्ये बोट फिरवलं तर बोट तांबडं.

३. नळीवरचे शिक्के वाचा

पुढचं लाकूड काढा. एकनळी बंदुकीत बहुतेक शिक्के त्या लाकडाखाली नाहीतर नळीच्या मागच्या टोकाला, खालच्या बाजूला असतात. मोबाइलने जवळून फोटो काढा, उजेड तिरका पडू द्या, मग मोठा करून वाचा.

इंग्लिश बंदूक असेल तर १९५४ नंतरच्या नळ्यांवर चेंबरची लांबी इंचात आणि दाब टनात दिलेला सापडतो. अडीच इंच आणि तीन टन असं असेल तर चेंबर ६५ मिलिमीटरचं आणि नळी दर चौरस इंचाला तीन टन दाबाच्या काडतुसासाठी पास केलेली. पावणेतीन इंच आणि सव्वातीन टन असेल तर ती मुळातच ७० ची आहे आणि तुम्हाला काहीच करायचं नाहीये. जुन्या नळ्यांवर चौकटीच्या आत १२ आणि खाली सी असा शिक्का असतो, लोक त्याला ७० समजतात. त्यातून लांबी कळतच नाही, चेंबर तीन इंचापेक्षा कमी आहे एवढंच कळतं.

मुकुट आणि एनपी किंवा बीएनपी अशी अक्षरं दिसली तर ती नायट्रो पावडरसाठी, म्हणजे आजच्या बिनधुराच्या दारूसाठी तपासलेली. नुसतं काळ्या दारूचं प्रूफ (जास्त दाबाचं काडतूस उडवून केलेली नळीची चाचणी) असेल किंवा नळीवर गंजाखाली सापाच्या कातडीसारखी वळणं-वळणं दिसत असतील, म्हणजे पट्ट्या पिळून बनवलेली दमास्कस नळी असेल, तर इथेच थांबायचं. तिचं चेंबर वाढवायचं नाही आणि तिच्यातून आजचं काडतूसही उडवायचं नाही. बेल्जियमच्या बंदुकांवर लंबगोलात ईएलजी अशी अक्षरं असतात आणि अलीकडच्या असल्या तर लांबी मिलिमीटरमध्ये सरळ दिलेली असते.

*तपासणी:* शिक्का अर्धवट वाचता आला तर अंदाजाने पूर्ण करू नका. वाचता आला नाही असंच कागदावर लिहा आणि तो कागद सातव्या टप्प्याला बरोबर न्या.

४. चेंबर मोजा, आणि पट्टीवर भाळू नका

चेंबर संपतं तिथून नळी एकदम बारीक होत नाही, मधे एक उतार असतो ज्याला फोर्सिंग कोन म्हणतात. बारा बोअरच्या चेंबरचा पुढचा व्यास साधारण २०.३ मिलिमीटर आणि नळीचा १८.५ च्या आसपास, या दोघांमधला तो उतार. आता लोक काय करतात, कंपासपेटीतली स्टीलची पट्टी आत सरकवतात, ती अडली की तिथला आकडा वाचतात, ६९ आला, म्हणजे ७० चं चेंबर! पण ती पट्टी १९ मिलिमीटरच्या आसपास रुंद असते, म्हणजे ती चेंबरच्या शेवटाला अडतच नाही, उतारात थोडी आत जाऊन मग अडते. तो ६९ खरं तर ६५ असू शकतो.

जाड पत्र्याची किंवा प्लास्टिकची २० मिलिमीटर रुंद पट्टी कापा, व्हर्नियरने रुंदी तपासा, कडा घासून गुळगुळीत करा आणि ती हलक्या हाताने सरकवा. अडली तिथे नळीच्या मागच्या काठापाशी पेन्सिलची खूण. तीन वेळा मोजा. हेही फक्त अंदाजासाठी, अंतिम माप कारागिराच्या चेंबर गेजचंच धरायचं, पण निदान तो काय सांगतोय हे तुम्हाला कळेल.

५. काडतूस नक्की कुठलं, ते बघा

आता मूळ गोंधळ. काडतुसावरचा ६५ किंवा ७० हा आकडा भरलेल्या काडतुसाचा नसतो, उडाल्यावर तोंड पूर्ण उघडलेल्या काडतुसाचा असतो. ७० चं भरलेलं काडतूस तोंड दुमडलेलं असताना ६० मिलिमीटरच्या आसपासच भरतं, म्हणून ते ६५ च्या चेंबरमध्ये आरामात मावतं. बार झाला की ती दुमड पुढे उघडते, पण पुढे जागा नाही, तिथे उतार सुरू झालेला. मग काडतुसाचं तोंड उताराच्या आणि छर्ऱ्यांच्या मधे चेपतं, वाट अरुंद होते आणि आतला दाब वाढतो. काकांच्या काडतुसांच्या चिंध्या झाल्या त्या अशा. कधी एका बाराला काही होत नाही, कधी पन्नासाव्याला होतं, आणि गंजून पातळ झालेली नळी असेल तर तेवढंही थांबत नाही.

त्यामुळे खोक्यावर आणि काडतुसाच्या अंगावर छापलेला आकडा वाचूनच घ्या, "बारा नंबरची द्या" एवढंच सांगून घेऊ नका. खडकीच्या कारखान्याची काडतुसं ६५ आणि ७० अशा दोन्ही मापांत बनत आली आहेत. तुमच्या दुकानात नसतील तर दुसऱ्या परवानाधारक दुकानात फोन करून विचारा, मागवून ठेवायला सांगा, तुमच्या परवान्यावरच्या वर्षाच्या मर्यादेत एकदाच पुरेशी घ्या. पीक राखायला वर्षाला कितीशी काडतुसं लागतात? बहुतेक वेळा बार हवेतच काढायचा असतो, माकडं आणि डुकरं आवाजाने पळवायला. परवाना पीकसंरक्षणाचा असला म्हणून रानडुक्कर मारायची मुभा मिळत नाही, १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली त्याची परवानगी वेगळी असते. मग एवढ्यासाठी नळी कापायची का, हे मला खरंच पटत नाही.

*खबरदारी:* ७० चं काडतूस ब्लेडने कापून ६५ करायचा प्रकार काही जण करतात. करू नका, छर्रे आणि दारूचं प्रमाण तेच राहतं, वरचं तोंड सैल होतं, आणि काडतुसाशी असे घरगुती उद्योग कायद्यातही बसत नाहीत.

६. बंदुकीची तब्येत

आता समजा ६५ ची मिळतच नाहीत. तरी चेंबर वाढवायच्या आधी बंदूक त्या लायकीची आहे का ते बघायचं. रीमरने, म्हणजे नळी आतून कातणाऱ्या हत्याराने, लांबी ५ मिलिमीटर वाढते, पण ते लोखंड जातं कुठून, तर उताराच्या जागेवरून, आणि दाब सर्वात जास्त असतो त्याच टापूत नळीची भिंत पातळ होते. वर ७० च्या काडतुसात बहुतेक वेळा छर्रेही जास्त असतात. म्हणजे जागा झाली तरी कुलूप (नळी मागे बंद धरून ठेवणारा भाग), पिन, दस्ता हे सगळं जुनंच, आणि त्यांच्यावर पूर्वीपेक्षा जास्त धक्का.

घरी बघता येईल ते असं. नळी काढून खिडकीकडे धरा आणि डोळ्यापासून थोडी लांब ठेवून आतून बघा, उजेडाच्या गोल रेषा सरळ दिसल्या पाहिजेत, कुठे कडं तुटलं किंवा सावली पडली तर तिथे पोचा नाहीतर फुगवटा आहे. बाहेरून बोटं फिरवा, डोळ्याला न दिसणारा फुगवटा बोटाला लागतो. आत काळे खड्डे असतील तर ते कुठे आहेत हे महत्त्वाचं, तोंडाकडचे चालून जातात, चेंबरच्या पुढच्या वीतभर भागातले नाही.

मग लाकूड काढून बंदूक बंद करा, नळी धरून हलवा. खट्ट असा बारीक आवाज आला किंवा नळी आणि मागच्या तोंडामध्ये उजेडाची रेघ दिसली तर कुलूप सैल झालंय. अशी बंदूक ६५ च्या काडतुसासाठीही आधी दुरुस्त करायला हवी, ७० तर दूरच. दस्त्याला मानेपाशी चीर आहे का तेही बघा, आपल्याकडे वाळवी आत शिरलेली असते आणि वरून पॉलिश शाबूत.

७. कारागिराकडे गेल्यावर

त्याचा परवाना बघायला मागा, लाजू नका. चांगला कारागीर स्वतःच दाखवतो. पहिल्या भेटीत काम द्यायचंच नाही, फक्त मोजून घ्यायचं: चेंबर गेजने लांबी, नळीचा आतला व्यास, आणि चेंबरच्या पुढे भिंतीची जाडी, नळी फिरवत चार बाजूंनी. शेवटचं माप सगळ्यात महत्त्वाचं आणि तेच घ्यायचा कंटाळा केला जातो. जुन्या नळ्या एका बाजूला पातळ असतात, एकाच जागी मोजलं तर कळत नाही. आकडे तुमच्या वहीत लिहून घ्या.

मग सरळ विचारा की रीम केल्यावर प्रूफ कोण करणार. चेंबर वाढवलं की जुन्या शिक्क्यांना अर्थ उरत नाही, ते जुन्या चेंबरसाठी होते. प्रूफ म्हणजे नेहमीपेक्षा जास्त दाबाचं काडतूस बंदूक घट्ट बांधून लांबून उडवायचं आणि मग नळी पुन्हा मोजायची, हे काम अधिकृत ठिकाणीच होतं. "आम्ही दोन बार काढून बघतो की" हे प्रूफ नव्हे. एका ठिकाणी मला असंच उत्तर मिळालं होतं, भिंत मोजायचं साधनही नव्हतं आणि रीमर मात्र टेबलावर तयार ठेवलेला. मी बंदूक उचलली आणि परत आलो.

*तपासणी:* बंदूक ठेवून यायची झाली तर नंबर, तारीख, काय काम आणि कोणाकडे याची पावती घेतल्याशिवाय दुकानाबाहेर पडू नका.

एकनळी रायफल असेल तर

काही घरांत मार्टिनी ॲक्शनची, लिव्हर खाली दाबली की ब्लॉक उतरतो अशी जुनी रायफल असते. हिचा हिशोब वेगळा आहे आणि जास्त कडक. बारा बोअरचं चेंबर वाढवलं तरी बोअर तोच राहतो, रायफलीत मात्र चेंबर बदललं की बहुतेक वेळा कॅलिबरच, म्हणजे काडतुसाचं मापच, बदलतं, म्हणजे परवान्यावरचं वर्णनच खोटं ठरतं. परवानगी हातात येईपर्यंत कोणी स्क्रू ड्रायव्हरही लावायचा नाही. .३०३ किंवा .४१० मस्केटसारखा लष्करी-पोलिसी नमुना असेल तर आधी परवाना कार्यालयातच जाऊन विचारा, ती भानगड वेगळीच असते.

.२२ वाल्यांचा नेहमीचा हट्ट म्हणजे लाँग रायफलचं चेंबर वाढवून मॅग्नम करायचं. मॅग्नमचं काडतूस नुसतं लांब नाही, जाडही आहे, .२२६ च्या जागी .२४२ इंच. एकदा रीम केलं की नेहमीचं स्वस्त .२२ त्यात सैल बसतं, उडालं की फुगून फाटतं, आणि परत पूर्वीसारखं करता येत नाही, नळीच बदलावी लागते. मोठ्या जुन्या रायफलीत तीन गोष्टी जुळायला लागतात: नळीचा व्यास नव्या गोळीशी, ॲक्शनची ताकद नव्या दाबाशी आणि एक्स्ट्रॅक्टर (काडतूस बाहेर ओढणारा आकडा) नव्या काडतुसाच्या कडेशी. जुनी काडतुसं बहुतेक कडेची, नवी बरीचशी बिनकडेची, म्हणजे एक्स्ट्रॅक्टर नव्याने बनवावा लागतो. काळ्या दारूच्या जमान्यातली रायफल आजच्या काडतुसाला रीम करणं हा जिवाशी खेळ आहे, मग तिचं पोलाद दिसायला कितीही जाडजूड असो.

८. आता ठरवा

वही उघडा. परवाना तुमच्या नावाचा आणि चालू नसेल, नायट्रोचा शिक्का नसेल, नळी दमास्कस असेल, चेंबरच्या पुढे खड्डे किंवा पातळ भिंत असेल, कुलूप सैल असेल, प्रूफची सोय नसेल, यातलं एक जरी असलं तरी चेंबर वाढवायचं नाही. या चाळणीतून पार झालेल्या जुन्या एकनळ्या मी फार कमी पाहिल्यात.

न वाढवता काय करता येतं? बंदूक धडधाकट असेल तर ६५ ची काडतुसं शोधून तीच वापरा, माझ्या मते दहातल्या नऊ घरांना हेच पुरतं. धडधाकट नसेल तर परवानाधारक विक्रेत्याकडे देऊन त्याच परवान्यावर ७० ची दुसरी घ्यायचा अर्ज करा. पीकसंरक्षणासाठी कायद्यात मुळात ठासणीची बंदूक धरलीय, पण तिने भागत नाही असं परवाना अधिकाऱ्याला पटलं तर दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक देता येते, तेव्हा अर्जात गाव, क्षेत्र, पीक आणि नुकसानीचे पंचनामे जोडा. आणि आठवण म्हणूनच ठेवायची असेल तर ती निकामी करून ठेवायची परवानगी मागा, स्वतः नळीत शिसं ओतून बसू नका.

९. काम करून आणलंच तर

प्रूफचा कागद परवान्याच्या फाइलला लावा. चेंबर पुन्हा २० च्या पट्टीने मोजा, नव्या चेंबरच्या भिंतीवर नख फिरवा, रीमरचे ओरखडे नखाला लागता कामा नयेत, लागले तर उडालेलं काडतूस अडकणार. पहिली काडतुसं हलक्या भाराची घ्या, एसजी-एलजी (मोठ्या छर्ऱ्यांची) नंतर. दर बारानंतर काडतूस बाहेर काढून तोंड बघा. ते साफ, गोल उघडलेलं पाहिजे. कड फाटलेली, पितळ फुगलेलं किंवा पिन लागते ती कॅप सपाट झालेली दिसली, किंवा बंदूक उघडायला जोर लागला, तर तिथेच बंद करा आणि ती काडतुसं घेऊन कारागिराकडे जा.

घरात उरलेली जुनी ६५ ची आणि नवी ७० ची एकाच डब्यात ठेवू नका. आणि शेजाऱ्याची बंदूक अजून ६५ चीच असेल तर त्याला तुमच्यातली चार काडतुसं उसनी देऊ नका, तसा व्यवहार कायद्यात बसत नाहीच, शिवाय ती त्याच्या बंदुकीत बसतील.